सोपाऱ्यातली लोखंडी ट्रंक

मे महिन्यात नालासोपाऱ्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, घर पुनर्विकासाला चाललंय. पणजोबांची एक ट्रंक आहे, आत उर्दू कागद आहेत. आमच्यात कुणाला वाचता येत नाही. भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघता का?"

रविवारी गेलो. त्याच्या दादींनी ट्रंकेवरची गोधडी बाजूला केली. आत डांबरगोळ्यांचा वास. खाकी शर्ट, कसर लागलेला लोकरी कोट, इनॅमलचा मग, सुईदोऱ्याची कापडी घडी, पितळी बटणं, पगाराची पुस्तिका आणि तळाशी सुतळीने बांधलेली पत्रं. एक सहा टोकांचा ताराही होता. फितीच्या मधोमध रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा, त्यात नारिंगी रेघ. ही 'बर्मा स्टार'ची फीत. म्हणजे दादींचे सासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते.

पुस्तिकेत पलटणीचं नाव होतं: रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स. पुण्याजवळ खडकीला मुख्यालय असलेलं हे सैन्याचं इंजिनिअर दल. त्यात मराठे, शीख आणि मुसलमान असायचे. इंजिनिअर म्हटलं की आपल्याला डिग्रीवाला साहेब आठवतो. सॅपर म्हणजे रस्ता करणारा, पूल बांधणारा, सुरुंग शोधून काढणारा साधा जवान. ब्रह्मदेशात नद्या, चिखल आणि पाऊस यांच्यापुढे फौज अडायची ती यांच्याच भरवशावर पुढे जायची. डिसेंबर 1944 मध्ये कलेवा इथे चिंदविन नदीवर 1,154 फुटांचा बेली पूल उभा राहिला, तोही अशाच हातांनी.

सुरुंगाचा विषय निघाला तशा दादी म्हणाल्या, "बांधावरनं चालताना ते काठीनं जमीन टोचत टोचत जायचे. आम्ही सुना हसायचो." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

मी पत्रं वाचून दाखवली. त्यांत लढाईचा शब्द नव्हता. सेन्सॉरच्या कात्रीतून जाणारं पत्र ते. पावसाआधी कौलं चाळून घ्या, धाकटीला मक्तबला पाठवा, मनिऑर्डर मिळाली का कळवा. बस.

इथे पहिल्या महायुद्धाची एक गोष्ट सांगायला हवी. फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं सेन्सॉरने तपासली आणि त्यांतल्या अनेकांचे इंग्रजी तर्जुमे अहवालांत घातले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. मूळ पत्रं मात्र बहुतेक गेली. आपल्या माणसाचा आवाज आपल्याला परक्या भाषेत ऐकावा लागतो. म्हणूनच सोपाऱ्यातली ती सुतळी मला ताऱ्याहून मोलाची वाटली.

घरी एक गृहस्थ येऊन गेले होते. जुनी पदकं विकत घेतात. फक्त तारा आणि बटणं द्या, म्हणाले. वाचकहो, गफलत इथेच होते. पुस्तिकेपासून तुटलेला तारा कुणाचाही असतो. माझ्या आजोळीही अशी पेटी होती. बारावीत असताना मीच तिच्यातली पितळी बटणं वजनावर विकली. कागद चुलीत गेले. आज नानांच्या भावाची पलटण कोणती, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

कुणी विचारेल, ही तर इंग्रजांची नोकरी. तिचं कौतुक कशाला? 1942 साली इकडे 'चले जाव' चालू असताना हे बादशहाचा पगार घेत होते. खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य 25 लाखांपर्यंत गेलं, त्यात पोटासाठी गेलेले पुष्कळ. कारवारकडचे रामा राघोबा राणेही 1940 मध्ये याच बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि एप्रिल 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग व अडथळे काढून परमवीरचक्राचे मानकरी ठरले. वर्दी तीच, हात तेच. त्यामुळे हा कोट मला देशभक्तीचा दाखला म्हणून कुणाच्या तोंडावर फेकायचा नाही, आणि लाजेने लपवायचाही नाही. एक माणूस कसा जगला, एवढं त्याने सांगितलं तरी पुरे.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर चार गोष्टी करा. मेडल घासून चकचकीत करू नका. कपडा धुऊ नका. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत बुरशी धरते. प्रत्येक कागदाचा फोटो काढा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून नाव, गाव, नातं लिहून ठेवा.

याच सोपाऱ्यात 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंड्या निघाल्या. इतक्या शतकांपूर्वीच्या लोकांना जपणूक कळत होती. आपल्याला ऐंशी वर्षं जड जातात.

ट्रंक आता भाड्याच्या खोलीत आहे, पूर्ण. मी पत्रं देवनागरीत उतरवून दिली. परवा विद्यार्थ्याच्या मुलीने फोनवर त्यातलं पहिलं पत्र वाचून दाखवलं. 'मनिऑर्डर'शी अडखळली आणि विचारलं, "सर, हे काय असतं?"