उपाहारगृहाची पायरी आणि फ्रँचायझीचालकाचे दायित्व

अमेरिकेतील अपंगांच्या हक्कांचा कायदा २६ जुलै १९९० रोजी संमत झाला आणि उपाहारगृहांना २६ जानेवारी १९९२ पासून लागू झाला. नव्या इमारतींवर सुलभ बांधणीचे बंधन आले. जुन्या जागेतले अडथळे मात्र फारशी अडचण वा खर्च न होता काढता येतील तेवढेच हटवायचे होते.

जागेचा मालक, भाडेकरू आणि धंदा चालवणारा हे तिघेही कायद्याने जबाबदार धरले. भाडेकरारात त्यांनी आपापसांत कामे कशीही वाटून घेतली, तरी ग्राहकापुढे त्या वाटणीची ढाल चालत नाही.

फ्रँचायझीत पेच वेगळा होता. नाव आणि पदार्थ मूळ कंपनीचे, गल्ला स्थानिक चालकाचा. टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या दोन ‘डेअरी क्वीन’ दुकानांतील अडथळ्यांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका महिलेने थेट मूळ कंपनीवर दावा लावला. १९९५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवले की, इमारतीतील बदलांना मंजुरी देण्याचा वा नाकारण्याचा करारातील अधिकार म्हणजे दुकान चालवणे नव्हे. भार चालकावर राहिला. कायद्याच्या शब्दांत हा निर्णय बसतो. पण दुकानाच्या रूपावर हुकूम चालवणारी कंपनी त्यामुळे फार सहज सुटली.

संघीय कायद्याखाली खासगी दाव्यात नुकसानभरपाई नाही, फक्त सुधारणेचा आदेश व वकिलाचा खर्च मिळतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात मात्र प्रत्येक प्रसंगी किमान ४,००० डॉलर भरपाई आहे. लहान व्यावसायिकांना सुधारणांसाठी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत करसवलतही मिळते.