अंगावरच्या कपड्याची मजुरी

विलेपार्ले पश्चिमेला इर्ला रोडवर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्य कार्यालय आहे. याच पार्ल्यात 1930 साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली होती आणि जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखी खादीला वाहून घेतलेली माणसं ती चालवत होती. आणखी उत्तरेला बोरिवलीच्या कोरा केंद्रात ग्रामोद्योगांचं शिक्षण दिलं जाई. आज ते नाव नवरात्रीतल्या गरब्यामुळे अधिक लोकांना ठाऊक आहे. अंधेरीच्या लोखंडवालात लग्नाच्या शेरवान्या आणि लेहंगे काचेआड झळकतात, आणि तिथून रिक्षाच्या अंतरावर, साकीनाक्याच्या गाळ्यांत, शिलाई मशिनं रात्रीपर्यंत चालतात. नामांकित डिझायनरचा महागडा कपडा घ्यावा का, घालावा का, हा प्रश्न आजकालच्या फॅशनने आणला असं समजलं जातं. तो या परिसराला नवा नाही. खादीच्या चळवळीने तो विचारला, आधी चुकीच्या रीतीने मांडला आणि पुढे त्याचं नेमकं उत्तरही शोधलं. आपण ते उत्तर विसरलो आहोत.

31 जुलै 1921 रोजी परळला उमर सोबानींच्या गिरणीच्या आवारात विदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. लोकांनी जरीच्या साड्या, रेशमी कोट, टोप्या आगीत टाकल्या. गांधीजींचे निकटचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांना हे रुचलं नाही. माणसाच्या हातांनी घडवलेली वस्तू जाळणं त्यांना हिंसाच वाटली. रवींद्रनाथ टागोरांनीही जाहीर विरोध केला. त्या वादात प्रश्न कपडा कुठून आला एवढाच होता. पण मँचेस्टरचं कापड हटलं की त्याची जागा मुंबईच्या गिरण्यांचं कापड घेई आणि मालकांचा नफा वाढे. मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराबद्दल त्या होळीने काहीच ठरवलं नव्हतं. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीला विदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा होऊन प्राण देणारा बाबू गेनू स्वतः गिरणी कामगार होता. त्याच्या बलिदानाचं मोल कमी होत नाही, पण स्वदेशी कापड विणणाऱ्याला पोटभर मिळतं का, हे विचारायचं बाकीच राहिलं होतं.

ते 1935 साली विचारलं गेलं, आणि तेही खादीलाच. खादीचं काम चालवणाऱ्या अखिल भारत चरखा संघाला तेव्हा दहा वर्षं झाली होती. खादी पवित्र, स्वदेशी, हातची. तरी दिवसभर सूत कातणाऱ्या खेड्यातल्या बाईच्या हाती जेमतेम आणा-दीड आणा पडे. गांधीजींनी आग्रह धरला की आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला हवेत. कार्यकर्ते हबकले. खादी आधीच महाग, दर वाढवले तर गिऱ्हाईक तुटेल, आणि गिऱ्हाईक तुटलं तर कातणारीचं काम जाईल, हा त्यांचा युक्तिवाद. आजही कापडाच्या धंद्यात शब्दशः हाच युक्तिवाद ऐकू येतो. वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबांनी कताईच्या मजुरीवरच जगून पाहण्याचा प्रयोग केला, म्हणजे हा हिशेब त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासला. अखेर संघाने जीवनवेतनाचं तत्त्व मान्य करून दर वाढवले. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही, खादी महागली, विक्रीचा प्रश्न उभा राहिला. तरी ठरवलेली मजुरी देणाऱ्यालाच प्रमाणित खादी विकता येईल ही अट कायम राहिली. मला या सगळ्या इतिहासात ही अट सर्वांत मोलाची वाटते. कपड्यावरच्या खुणेने मालकाच्या नावाऐवजी मजुराच्या हक्काची हमी दिली. सुताच्या गुंडीमागे कातणाऱ्याला किती मिळतात, हे खादी आयोग आजही जाहीर करतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: उपाशी देशात हजारोंचा कपडा घालणं हेच पाप, मजुरीची चर्चा कशाला? साधेपणाच्या या आग्रहाबद्दल आदर ठेवूनही मी तो नैतिकतेची कसोटी मानत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की जातीची ओळख पटवणारी लुगडं नेसण्याची जुनी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडा, स्वच्छ, नीटनेटक्या राहा. स्वतः ते बहुतेक वेळा उत्तम शिवलेल्या सुटात वावरले. ज्यांना चांगलं नेसण्याचीच बंदी होती, त्यांना साधेपणाचा उपदेश करणं अन्याय ठरतो. सुंदर कपड्याची हौस हा दोष नाही. दोष असलाच तर तो त्या सुंदरतेमागच्या कष्टांचं मोल कोणाच्या पदरात किती पडतं यात आहे.

1982 च्या गिरणी संपानंतर हे शोधणं फार अवघड झालं. गिरणीत हजेरीपट होता, युनियन होती, फाटकावर सभा घेता येत होती. गिरण्या बंद पडत गेल्या, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं आणि शिलाई-भरतकाम कुर्ला, साकीनाका, गोवंडी, धारावीच्या गाळ्यांत विखुरलं. जरीच्या कारखान्यात लाकडी अड्ड्यावर कापड ताणून बांधलेलं असतं. दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेले कारागीर आरीने एकेक टिकली, एकेक मणी टाचतात. बरेचसे उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचे. अनेकजण तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. ब्रँड निर्यातदाराला काम देतो, निर्यातदार ठेकेदाराला, ठेकेदार कारखानदाराला. धागे कापायचं, बटणं लावायचं काम वस्तीतल्या बायकांच्या घरी पीसच्या दराने जातं. 2005 साली शहरातल्या जरीकारखान्यांवर छापे पडले तेव्हा लहान लहान मुलं सोडवावी लागली. उलट ब्रँड स्वतःच्या नावाला किती जपतो ते फुटपाथवर दिसतं: एक्स्पोर्ट सरप्लसच्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल कापलेलं असतं. नावाचा माग इतक्या काटेकोरपणे ठेवता येतो, तर मजुरीचा का नाही?

धंद्यातले लोक म्हणतात, महाग कपड्यामुळेच या कारागिरांच्या हाताला काम आहे, तुम्ही घेतलं नाही तर ते उपाशी राहतील. पहिला भाग खरा आहे. हातच्या भरतकामाला दाम मोजणारा गिऱ्हाईक हवाच, आणि म्हणून डिझायनर कपड्यावर सरसकट बहिष्कार घालायला माझा विरोध आहे. पण 1935 च्या कार्यकर्त्यांनाही हीच भीती होती, तरी दर वाढवले गेले. शिवाय खादीत दर वाढवल्यावर किंमत खरोखर वाढत होती, कारण किमतीत मजुरीचाच वाटा मोठा. लाखाच्या लेहंग्यात तो वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार लाख मोजणाऱ्याला नक्कीच आहे. दुसरं म्हणणं, इतक्या लांब साखळीत शेवटच्या माणसापर्यंत पोचणं अशक्य. पण मार्च 2023 मध्ये दिओर या फॅशन ब्रँडने गेटवे ऑफ इंडियापुढे शो केला तेव्हा मुंबईच्या चाणक्य संस्थेच्या भरतकामाचं श्रेय जगासमोर मांडलं. फ्रान्सने तर 2017 मध्ये कायदा करून बड्या कंपन्यांवर उपकंत्राटदारांकडच्या परिस्थितीची जबाबदारी टाकली. म्हणजे पोचता येतं. अर्थात संस्थेचं नाव कळलं म्हणून मजुरी कळत नाही.

लग्नसराईत अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या दुकानात हजारोंचा कपडा पसंत पडला, तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: भरतकाम कोणत्या कारखान्यात झालं, आणि कारागिराला दिवसाची मजुरी किती मिळते. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर त्याला ते काढायला सांगा, आणि ते येईपर्यंत खरेदी थांबवा.