नाडकर्णी, डॉ. आनंद
ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ, लेखक, नाटककार व गीतकार. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीत (१९८६) अनिल व सुनंदा अवचटांसोबत त्यांचा वाटा होता. १९९० मध्ये त्यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली. त्यांचे गीतलेखन हा फावल्या वेळचा छंद नसून उपचारविचाराचाच भाग ठरतो. ‘स्वभाव-विभाव’ या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रणेते अल्बर्ट एलिस हेही लोकप्रिय चालींवर विनोदी गाणी रचून कार्यशाळांत गाऊन घेत. अविवेकी हट्टावर हसता आले की त्याची पकड सैल होते, हा त्यामागचा विचार. ‘वेध’ या विद्यार्थ्यांसाठीच्या करिअर-परिषदेसाठी नाडकर्णींनी लिहिलेली गीते त्याच वाटेवरची. गाण्याने मनोविकार बरा होत नाही, हा आक्षेप रास्तच; मात्र दवाखान्याची पायरी चढायला कचरणाऱ्यांपर्यंत विचार पोहोचवणे औषधाच्या चिठ्ठीला जमत नाही, गाण्याला जमते.