रुमाल, कुलूप आणि जुबैल

23 जानेवारी 2017, सोमवार. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुबैलमध्ये ‘सदारा’ या रसायन कंपनीचं संगणकांचं जाळं सकाळीच विस्कळीत झालं. कंपनीने ट्विटरवर तसं जाहीर केलं, कारण मात्र सांगितलं नाही. त्याच दिवशी सौदीच्या दूरसंचार यंत्रणेने ‘शमून’ नावाचा मालवेअर परत आल्याचा इशारा दिला होता. जुबैलमधल्या आणखी काही कंपन्यांनी खबरदारी म्हणून आपापली नेटवर्क स्वतःहून बंद केली, अशी बातमी रॉयटर्सने दिली. सदाराचा बिघाड शमूनमुळेच झाला असं कंपनीने तेव्हा म्हटलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा. नंतरच्या बऱ्याच लिखाणात ही सावधगिरी गळून पडलेली दिसते.

तुमच्यापैकी काहींचं बालपण याच गावात गेलं असेल. एकेकाळी मासेमारी आणि मोत्यांवर जगणारं हे गाव. 1975 मध्ये जुबैल आणि यानबू यांच्यासाठी शाही आयोग नेमला गेला, बेक्टेल कंपनीकडे कामाचं व्यवस्थापन आलं आणि वाळूतून एक अख्खं औद्योगिक शहर उभं राहिलं. आपल्याकडचे वेल्डर, फिटर, इन्स्ट्रुमेंटवाले, सेफ्टी ऑफिसर या शहरात राबले. ‘बाबा प्लांटवर आहेत’ हे वाक्य तिथल्या मराठी घरांत वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सदारा त्या मानाने नवी. सौदी आरामको आणि अमेरिकेची डाऊ केमिकल यांनी 2011 मध्ये ती स्थापन केली.

आता मुद्द्याकडे येऊ. शमूनची पहिली मोठी धाड 15 ऑगस्ट 2012 ची. आरामकोचे सुमारे 30,000 संगणक त्यात निकामी झाले. दुसरी लाट 17 नोव्हेंबर 2016 ची, गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे सौदीतला कामाचा आठवडा संपल्या संपल्या. या मालवेअरचं काम डिस्कवर थेट लिहून ती पुसून टाकायचं. पण विंडोज व्हिस्टापासून एक कडी घातलेली होती. साध्या प्रोग्रॅमला वापरात असलेल्या डिस्कच्या भागावर असं परस्पर लिहिता येत नाही. आधी तो भाग कुलूपबंद करावा लागतो, म्हणजे इतर कुणी त्याच वेळी तिथे काम करत नाही याची खात्री होते. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला मात्र ही अट ओलांडता येते.

शमूनने ती कडी तोडली नाही. एल्डोस नावाच्या कंपनीचा ‘रॉडिस्क’ हा कायदेशीर, सही-शिक्क्याचा ड्रायव्हर त्याने सोबतच आणला आणि त्याच्यामार्फत आत शिरला. गंमत म्हणजे त्या ड्रायव्हरचा परवाना तात्पुरता होता. म्हणून 2016 मधला शमूनसुद्धा आधी संगणकाचं घड्याळ मागे फिरवून ऑगस्ट 2012 मधली तारीख लावायचा. चोरलेली किल्ली जुनी, तर दिवसच जुना करून टाकला!

त्याहून मोठी गंमत 2006 मधली आहे. पोलंडच्या संशोधक जोआना रुतकोवस्का यांनी त्या वर्षी व्हिस्टाच्या चाचणी आवृत्तीवर डिस्कमार्गे कर्नलमध्ये घुसून दाखवलं. मायक्रोसॉफ्टने उपाय म्हणून साध्या प्रोग्रॅमचं थेट लिहिणंच बंद केलं. रुतकोवस्का तेव्हाच म्हणाल्या होत्या की हा उपाय चुकीचा आहे. डिस्क दुरुस्तीची साधनं विकणाऱ्या कंपन्या आता स्वतःचे सहीचे ड्रायव्हर बनवतील, आणि हल्लेखोर त्यातलाच एक उसना घेईल. त्या ड्रायव्हरमध्ये चूक नसेल, त्यामुळे त्याची सही रद्द करायलाही कारण नसेल. सहा वर्षांनी आरामकोत नेमकं तेच घडलं.

कर्नलमध्ये शिरलेल्याला कुलुपं आड येत नाहीत. म्हणूनच आतल्या लोकांनी, म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी, ती स्वतःहून पाळावी लागतात. आणि पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. सगळ्यात साधं काम घ्या. ड्रायव्हरला एखादं उपकरण शोधायचंय, नेटवर्क कार्ड समजा. यादीत बघायचं, सापडलं की वापरायचं. यात धोका कुठे आहे?

सुट्टीत गावी गेलेल्यांनी लाल डबा पाहिला असेल. एसटी स्टँडवर लागली की बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. नुसती रिकामी सीट बघून दाराकडे पळालात, तर आत पोहोचेपर्यंत तिथे कुणीतरी बसलेलं असतं. सीट दिसणं वेगळं आणि सीट धरणं वेगळं. लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरांचा घोटाळा नेमका हाच होता.

1996 मध्ये लिनक्स 2.0 आलं आणि एकाहून जास्त प्रोसेसर चालू लागले. तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप होतं, एका वेळी एकच प्रोसेसर आत. मंद, पण समजायला सोपं. उपकरण शोधायला ‘पीसीआय फाइंड डिव्हाइस’ नावाचं फंक्शन होतं. ते यादी चाळून उपकरणाच्या नोंदीचा पत्ता हातात द्यायचं आणि मोकळं व्हायचं. रुमाल-बिमाल काही नाही. त्या काळात हे खपून गेलं, कारण पीसीआय कार्ड मशीन उघडून, स्क्रूने आवळून बसवलेलं असायचं. चालू मशीनमधून ते जाणार कुठे?

मग कार्डबस आलं, चालू सर्व्हरमधून कार्ड काढता येऊ लागलं. आता तुमच्या हातातला पत्ता क्षणात शिळा होऊ शकतो: तुम्ही तो वाचताय तोवर दुसऱ्या प्रोसेसरने ती नोंद मोकळी केली, ती मेमरी तिसऱ्याच कामाला दिली, आणि तुम्ही तिथे लिहिताय. मशीन लगेच पडलं तर नशीब म्हणायचं. बऱ्याचदा ते पडत नाही, चुकीचं चालत राहतं.

डिसेंबर 2003 मध्ये लिनक्स 2.6 आलं. पॅट्रिक मोशेल यांनी घडवलेल्या नव्या रचनेत प्रत्येक उपकरणाच्या नोंदीला एक मोजणी जोडलेली होती. ‘फाइंड’च्या जागी ‘गेट’ आलं. ते यादीचं कुलूप हातात असतानाच उपकरण शोधतं, मोजणी एकने वाढवतं आणि मगच कुलूप सोडतं. काम झालं की तुम्ही ‘पुट’ म्हणायचं, मोजणी एकने कमी. शून्यावर आली तरच नोंद पुसायची. हा झाला रुमाल.

जुबैलच्या वाचकांना याहून चांगलं उदाहरण घरातच मिळेल. बाबांना ‘लॉकआउट-टॅगआउट’ म्हणजे काय ते विचारा. पंप दुरुस्त करायचा असेल तर त्याचा वीजपुरवठा बंद करून तिथे कुलूप लावतात. पाच जण काम करणार असतील तर एका हॅस्पला पाच कुलुपं, प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. पाचवं कुलूप निघेपर्यंत पंप चालू होत नाही, फोरमन कितीही ओरडला तरी. अमेरिकेत हा नियम 1989 मध्ये कायद्यात आला. कर्नलमधली मोजणी आणि हा हॅस्प, कल्पना एकच. फरक इतकाच की प्लांटवर चूक झाली तर माणसाचा हात जातो, त्यामुळे शिस्त तिथे लवकर रुजली.

संगणकातल्या चुकीने माणसांचं काही बिघडत नाही, असं मात्र समजू नका. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिका-कॅनडात सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. सुरुवात झाली झाडांना टेकलेल्या वीजवाहिन्यांपासून. पण ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या कंट्रोल रूममधली धोक्याची घंटा त्याआधीच मुकी झाली होती. दोन प्रक्रियांनी एकाच माहितीला एकाच वेळी हात घातला, आणि अलार्मची यंत्रणा अडकून बसली. ऑपरेटरना तासभर कळलंच नाही.

परत ड्रायव्हरकडे. ‘गेट’ वापरलं म्हणजे सुटलो असं नाही, आणि मला इतिहासातला हाच भाग सगळ्यात रोचक वाटतो. यादी चाळताना ‘गेट’ स्वतः एक कुलूप घेतं, आणि ते मिळेपर्यंत झोपू शकतं, म्हणजे प्रोसेसर दुसऱ्याला देऊन थांबू शकतं. आता तुम्ही आधीच एक ‘स्पिनलॉक’ धरून बसला असाल तर? स्पिनलॉकचा नियम असा की तो धरून झोपायचं नाही, कारण त्याची वाट पाहणारे जागच्या जागी गरगर फिरत असतात. किंवा तुम्ही इंटरप्टमध्ये असाल, जिथे झोपायची सोयच नाही. किंवा तुम्ही स्वतःचं कुलूप धरून यादीचं मागताय, आणि दुसरा यादीचं धरून तुमचं मागतोय. ‘पहले आप’ म्हणत दोघेही जन्मभर उभे.

यावरची रीत अनुभवाने ठरली: आधी शोधा, मोजणी वाढवून धरा, यादीचं कुलूप सोडा, आणि मगच स्वतःचं घ्या. पण रीत माणसं विसरतात. म्हणून 2006 मध्ये इंगो मोल्नार आणि आर्यन फान द फेन यांनी ‘लॉकडेप’ नावाचा पहारेकरी कर्नलमध्ये बसवला. कुणी कोणत्या क्रमाने कुलुपं घेतली ते तो लिहून ठेवतो, आणि दोन क्रम एकमेकांविरुद्ध दिसले की प्रत्यक्ष कोंडी व्हायच्या आधीच ओरडतो. मोठं कुलूप काढून टाकायला तरी 2011 उजाडलं. आर्न्ड बर्गमन यांनी त्याचे उरलेसुरले वापर वेचून काढले आणि 2.6.39 मध्ये ते गेलं.

एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात. रुमालाने सीट राहते, एसटी थांबत नाही. मोजणी धरल्याने नोंद मेमरीत टिकते, पण कार्ड उपसून काढणाऱ्या माणसाचा हात काही धरला जात नाही. पीसीआय एक्सप्रेसचं उपकरण निघून गेल्यावर त्याच्याकडून वाचायला गेलात तर उत्तरात सगळे 1 येतात. चांगला ड्रायव्हर ते ओळखून गप्प माघार घेतो.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: रुमाल टाकला आणि उचललाच नाही. यादीतून एकामागून एक उपकरण बघताना ‘गेट’ मागचा रुमाल आपोआप उचलतं, पण हवं ते सापडलं म्हणून मधूनच बाहेर पडलात तर शेवटचा तुम्ही उचलायचा असतो. राहिला तर फार तर थोडी मेमरी अडकेल, असं वाटतं ना? जानेवारी 2016 मध्ये लिनक्सच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात अशीच एक चूक उघड झाली. एका वाटेवर मोजणी वाढायची, उतरायची नाही. तीच विनंती पुन्हा पुन्हा करत राहिलं की 32 बिटांचा आकडा भरून शून्यावर यायचा, कर्नलला वाटायचं आता कुणीच वापरत नाही, आणि वापरातली नोंद मोकळी व्हायची. त्यातून साधा वापरकर्ता मशीनचा मालक होऊ शकत होता. 2017 मध्ये कर्नलला नवा मोजणी-प्रकार मिळाला. तो टोकाला पोहोचला की तिथेच अडकून राहतो, शून्यावर उलटत नाही. मेमरी वाया जाते, पण दार उघडं राहत नाही. मला हा सौदा पटतो.

ऑगस्ट 2023 मध्ये आलेल्या लिनक्स 6.5 पासून कुलुपं आणि मोजण्या फंक्शनमधून बाहेर पडताना आपोआप सोडवून घ्यायची सोय आहे. जुन्या ड्रायव्हरांत ती हळूहळू शिरतेय. तोवर कर्नलच्या बदलांच्या नोंदींत ‘इथे पुट राहिलं होतं, घातलं’ अशा एका ओळीच्या दुरुस्त्या येत राहतात, बऱ्याचदा विद्यार्थ्यांकडूनच. तुमच्यात कुणी संगणकशास्त्र शिकत असेल तर एखादा जुना ड्रायव्हर उघडा, ‘गेट’ शोधा, आणि चूक झाल्यावर बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर त्याचा ‘पुट’ आहे का ते बोट ठेवून तपासा.