कुंडीतला वाटाणा ते मॅक्रो लेन्स

मराठी मुलखात वनस्पती अगदी जवळून टिपण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९१२ सालचा. तो ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके यांनी केला: कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी चित्रफितीवर टिपली. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांचे स्मारक नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. अंबडची औद्योगिक वसाहत तिथून जवळच. आज अंबड-सिडकोतले हौशी छायाचित्रकार ज्या बागांमध्ये फुले टिपायला जातात, त्यांत या स्मारकाचीही बाग आहे.

फाळक्यांच्या प्रयोगाआधीच्या काळात फूल बारकाईने दाखवायचे ते चित्रकाराने. पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून तिथल्या झाडांची रंगीत चित्रे काढून घेतली. त्या चित्रकाराचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. ती चित्रे आता एडिंबरो येथे आहेत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पण त्या पिढीच्या काचपट्ट्यांवर माणसे, लेणी आणि इमारती दिसतात, फुले क्वचितच. याला तांत्रिक कारण होते. त्या काचेला निळा प्रकाश लगेच कळे, पिवळा व तांबडा जवळजवळ कळतच नसे. झेंडू आणि लाल गुलाब काळपट उमटत. शिवाय काच काही सेकंद प्रकाशासमोर उघडी ठेवावी लागे, आणि वाऱ्यावर डुलणारे फूल तेवढा वेळ स्थिर राहणार कसे?

वनस्पती जवळून टिपण्याच्या कामाला फाळके तयार होऊनच आले होते. जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, पुढे ठसे तयार करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात उतरले आणि तिरंगी छपाई शिकायला १९०९ साली जर्मनीला गेले. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनहून विल्यम्सन कॅमेरा घेऊन परतले. त्यांना चित्रपट काढायचा होता, त्यासाठी भांडवल हवे होते, आणि भांडवल देणाऱ्याला काहीतरी दाखवणे भाग होते. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि थोड्या थोड्या अंतराने चौकटी घेत गेले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रफितीचे नाव. रोज एकच चौकट घेतल्याचे अनेकदा लिहिले जाते, पण ते हिशोबात बसत नाही: सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९६० लागतात, म्हणजे महिनाभर रोज तीसेक. कथा सुटसुटीत करण्याच्या नादात फाळक्यांचे कष्ट कमी होतात! इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी अशाच पद्धतीने उमलत्या फुलांची चित्रफीत १९१० सालीच केली होती. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी ते नाशिकला आले. १९४४ साली त्यांचे निधन नाशिकमध्येच झाले.

हौशी माणसापर्यंत ही कला पोहोचायला मात्र बराच काळ गेला. अडचण भिंगाच्या गणितात होती. फूल फिल्मवर मूळ आकाराइतके उमटवायचे तर ५० मिमी भिंग आणखी ५० मिमी पुढे न्यावे लागते; प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो आणि स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम काही मिलिमीटर उरतो. पुंकेसर स्वच्छ आले तर पाकळीची कड धूसर होते. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घरोघरी होता, पण त्यात दोन-तीन मीटरच्या अलीकडचे काही नीट येत नसे. ज्याच्याकडे रशियन झेनिट कॅमेरा असे, तो भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळीवजा कड्या बसवून जास्वंद टिपू शके. खास जवळच्या चित्रणासाठीचे भिंग, म्हणजे मॅक्रो लेन्स, युरोपात १९५५ च्या सुमारास बाजारात आले होते. इथे आयातीवरच्या निर्बंधांमुळे ते थोड्यांनाच मिळाले. रंगीत फिल्मही महाग. त्यामुळे पुष्कळांनी हा छंद कृष्णधवल फिल्मवरच चालवला, आणि फुलाचा रंग सोडून आकार पाहायला शिकले.

आज नाशिकच्या अंबड-सिडकोत या छंदासाठी फुले दाराशीच मिळतात; वसाहतीच्या घरांपुढच्या चिंचोळ्या जागेतही कुंड्यांना वाव असतो: मोगरा, गुलाब, सदाफुली, पावसाळ्यात तेरडा. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च संपला, आणि फोनच्या इवल्या सेन्सरमुळे स्पष्ट दिसणारा भागही आपोआप वाढला. २०२१ पासून काही फोन दोन सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस धरू लागले. आता एकाच फुलावर वेगवेगळ्या खोलीला फोकस करून काढलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र जोडतात, त्यामुळे पुंकेसर आणि पाकळीची कड दोन्ही स्वच्छ येतात. छायाचित्रे जुळण्यासाठी फूल त्या वेळात हलता कामा नये, म्हणून हे काम पहाटेच्या पडलेल्या वाऱ्यात किंवा देठाला काडीचा आधार देऊन केले जाते.