लघुग्रह क्रमांक ८७ : एका नावाचा इतिहास

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मराठीच्या अध्यापकाला शोभणारे कितीतरी विषय सहज डोळ्यांपुढे उभे राहिले. गोमंतकातील मराठी रंगभूमी, येथील संतकवी, पेडणे-डिचोलीच्या देवळांतील कीर्तनपरंपरा, यांपैकी काहीही लिहिले असते तरी वाचकांनी आपुलकीने वाचले असते. तरीही मी निवडला आहे तो विषय मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पोकळीत फिरणाऱ्या एका काळ्या दगडाचा. मी खगोलशास्त्राचा विद्यार्थी नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. परंतु या दगडाचे एक जुने ऋण माझ्या माथ्यावर आहे आणि ते फेडण्यास या ग्रंथाच्या पानांहून अधिक योग्य जागा मला दिसत नाही.

हकीकत अशी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, अध्यापनास नुकताच प्रारंभ केला असताना, महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी मी भारतात लागलेल्या शास्त्रीय शोधांविषयी एक लेख लिहिला. त्यात मद्रासच्या वेधशाळेतून १८६६ साली सापडलेल्या 'सिल्व्हिया' या लघुग्रहाचा उल्लेख होता. कामीय फ्लामारियाँ या विख्यात फ्रेंच ज्योतिर्विदाच्या पत्नीचे नाव या लघुग्रहाला दिले आहे, असे मी त्यात बिनदिक्कत लिहून टाकले. एका पुस्तकात तसे वाचले होते आणि ते पडताळून पाहावे असे तेव्हा मनातही आले नाही. ते वार्षिक बांधणी करून आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात आजही ठेवलेले आहे. बोललेली चूक वाऱ्यावर विरून जाते. छापलेली चूक मात्र जागची हलत नाही. ती वाचणारा प्रत्येक वाचक लेखकावर विश्वास ठेवून तिला पुढे नेतो. म्हणून त्या दगडाची आणि त्याच्या नावाची खरी कथा आज सांगत आहे.

मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. नुंगमबाक्कम येथे १७९२ साली ती उभी राहिली. समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या कंपनीला किनाऱ्यांचे अचूक अक्षांश-रेखांश हवे होते आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यावे लागत. मुरगाव बंदराच्या सावलीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना समुद्र आणि तारे यांचे हे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. याच वेधशाळेतून टॉमस टेलर यांनी सुमारे अकरा हजार ताऱ्यांची सूची सिद्ध केली आणि १८४४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ग्रंथालयाच्या भाषेत बोलायचे तर आकाशाचे ते एक दाखलपुस्तकच होते.

१८६१ च्या प्रारंभी नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे या वेधशाळेचे प्रमुख म्हणून रुजू झाले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८२९ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांचे नाव तोपर्यंत एका गणितामुळे ज्योतिर्विदांत सर्वतोमुखी झाले होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती लावण्याची पद्धत फार प्राचीन. पण एका प्रतीतून पुढच्या प्रतीत जाताना तेज नेमके किती पटींनी घटते, याविषयी एकवाक्यता नव्हती. हे प्रमाण २.५१२ धरावे, म्हणजे पाच प्रतींच्या अंतरात तेज बरोबर शंभर पटींनी कमी होते, असे पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचविले. आज जगभर तेच मोजमाप वापरले जाते.

पहिला लघुग्रह सेरेस १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे पियात्सी यांना सापडला. त्यानंतर युरोपात असे ग्रह शोधण्याची जणू स्पर्धाच लागली. पॉगसन यांनी इंग्लंडमध्ये असतानाच तीन शोधले होते. मद्रासला आल्यावर काही आठवड्यांतच, १७ एप्रिल १८६१ रोजी, त्यांना आणखी एक मिळाला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव 'एशिया' ठेवले. पुढे १८६४ मध्ये 'सॅफो' आणि १६ मे १८६६ रोजी आपल्या कथेची नायिका 'सिल्व्हिया' हाती लागली. अनुक्रमाने ती ८७ वी.

त्या काळी छायाचित्रणाने आकाश टिपण्याची सोय नव्हती. लघुग्रह शोधण्याच्या कामी छायाचित्राचा यशस्वी उपयोग झाला तो १८९१ च्या डिसेंबरात, जर्मनीत माक्स वोल्फ यांच्या हातून. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पॉगसन मद्रासलाच निवर्तले होते. त्यांची रीत जुनी, म्हणजे डोळा, दुर्बीण आणि कागद. सूर्याच्या भासमान मार्गालगतच्या ताऱ्यांचे नकाशे स्वतः काढायचे, आणि रात्रीमागून रात्री दुर्बिणीतील आकाश त्या नकाशांशी ताडून पाहायचे. कागदावर नसलेला एखादा ठिपका आकाशात दिसला, आणि दुसऱ्या रात्री तो थोडा सरकलेला आढळला, तर तो तारा नव्हे. सिल्व्हिया पृथ्वीच्या जवळात जवळ येते तेव्हाही ती अकराव्या-बाराव्या प्रतीची असते. पॉगसन यांच्याच मापाने सांगायचे, तर नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही तिचे तेज कमी. असा ठिपका ओळखायचा तर आधीची नोंद चोख हवी. शोधाचे निम्मे श्रेय दुर्बिणीचे असेल, तर निम्मे त्या कागदाचे आहे.

ही सिल्व्हिया इतकी मंद का, याचा उलगडा होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ती सूर्यापासून पृथ्वीच्या साडेतीन पट अंतरावर, म्हणजे सुमारे ५२ कोटी किलोमीटरांवर, लघुग्रहपट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरते. एका प्रदक्षिणेस तिला साडेसहा वर्षे लागतात. दूर असणे हे मंदपणाचे एक कारण झाले. दुसरे कारण तिचा वर्ण. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शंभरातले जेमतेम चार भाग ती परत पाठविते. उरलेले सर्व गिळून टाकते. आपल्या बंदरात उतरणाऱ्या दगडी कोळशाच्या राशी ज्यांनी पाहिल्या आहेत, आणि खिडकीच्या फळीवर साचणारी त्याची पूड रोज पुसली आहे, त्या वास्कोकरांना हा वर्ण चांगला ओळखीचा आहे.

येथे एक मौजेची अडचण येते. दूरचा ठिपका मंद दिसला, तर तो लहान आणि उजळ आहे की मोठा आणि काळा आहे, हे नुसत्या प्रकाशावरून ठरत नाही. काळा पदार्थ उन्हात अधिक तापतो. ती उष्णता १९८३ साली अंतराळात पाठविलेल्या 'आयरास' या उपग्रहाने मोजली आणि अशा काळ्या लघुग्रहांच्या आकाराचा अंदाज पक्का झाला. सिल्व्हियाचा सरासरी व्यास सुमारे २७० किलोमीटर भरतो. लाखो लघुग्रहांच्या त्या मेळाव्यात पहिल्या दहा-बारांत तिची गणना होते. पॉगसन यांनीच १७ नोव्हेंबर १८६८ रोजी शोधलेली १०७ वी 'कॅमिला' हीसुद्धा याच बाहेरच्या कडेची, अशीच काळी आणि जवळजवळ एवढीच मोठी. पट्ट्यातले हे दोन काळे महाकाय आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, घामाने भिजलेल्या एका माणसाने, कोळशाच्या आकाराची काहीही कल्पना नसताना टिपले होते.

आता नावाकडे वळू. १८ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांवरील केक दुर्बिणीतून मायकेल ब्राऊन आणि ज्याँ-ल्यूक मार्गो यांना सिल्व्हियाभोवती फिरणारा एक लहानसा चंद्र दिसला. २००४ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमांतून फ्रँक मार्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा चंद्र शोधला व ऑगस्ट २००५ मध्ये ते जाहीर केले. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिलाच लघुग्रह. बाहेरचा चंद्र सुमारे १३६० किलोमीटर अंतरावरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळात प्रदक्षिणा पूर्ण करतो, आतला सुमारे ७१० किलोमीटरवरून ३३ तासांत. चंद्रांच्या या गतीवरून सिल्व्हियाचे वजन काढता आले, आणि ती पाण्याच्या सव्वा-दीड पटीहून अधिक घन नाही असे कळले. याचा अर्थ ती एकसंध खडक नसून, पुरातन काळच्या एखाद्या टकरीनंतर पुन्हा गोळा झालेला, आत पोकळ्या असलेला दगडगोट्यांचा ढीग असावी.

या चंद्रांना नावे दिली गेली रोम्युलस आणि रेमस. हे वाचताक्षणी मी चमकलो. रोम नगरीचे संस्थापक म्हणून गायिले गेलेले हे जुळे भाऊ रिया सिल्व्हिया या राजकन्येचे पुत्र. कौमार्यव्रत घेतलेल्या त्या मातेची मुले टायबर नदीत सोडून देण्यात आली आणि एका लांडगिणीने त्यांना वाढविले, अशी कथा आहे. पेटीत घालून अश्वनदीत सोडलेला कर्ण आणि त्याची माता कुंती आपल्याला येथे आठवल्यावाचून राहत नाही. पण लघुग्रह जर फ्लामारियाँच्या पत्नीच्या नावाचा, तर तिच्या पदरात ही मुले कोठून आली?

या शंकेचे उत्तर १८६६ च्या एका पानावर होते. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात पॉगसन यांनी शोधाची वार्ता दिली आहे, आणि आपण निवडलेले नाव रोम्युलस व रेमस यांच्या माता रिया सिल्व्हिया हिचे आहे, असा निर्वाळा त्याच टिपणात दिला आहे. फ्लामारियाँ यांचा सिल्व्ही हिच्याशी विवाह झाला तो १८७४ साली, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी. नावातील साम्यावरून कोणीतरी तर्क केला, दुसऱ्याने तो खरा मानला, तिसऱ्याने पुस्तकात घातला आणि चौथा मी. मूळ पान कपाटात होते म्हणून मातेला तिची मुले मिळाली. १८६६ पासून २००१ पर्यंत ती सूर्याभोवती वीस फेरे पुरे करून एकविसाव्यात होती. त्या साऱ्या काळात ते पान कोणीतरी वाळवीपासून आणि ओलीपासून जपले होते.

गोमंतकीयांना या गोष्टीचे मोल अधिक कळावे. १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्रकथा रचणारे कृष्णदास शामा हे येथून जवळच्याच केळशीचे. धर्मांतराच्या वावटळीत येथल्या देवळांबरोबर पोथ्याही गेल्या. पण त्याच काळी मिशनऱ्यांनी स्वतःच्या अभ्यासासाठी काही मराठी-कोंकणी रचना रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्या संहिता पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात राहिल्या आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आल्या. आपल्या वाङ्मयाचा एक आरंभकाळ आपल्याला सात समुद्रांपलीकडच्या फडताळात सापडला. ग्रंथ राखणाऱ्याला तो कशासाठी राखत आहे हे ठाऊक असतेच असे नाही.

नोंद राहते, पण सर्वांची सारखी राहत नाही, हेही नमूद केले पाहिजे. पॉगसन यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातील एक रूपविकारी तारा शोधला आणि १८७२ मध्ये त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे ज्या दशकात प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग घडवीत होते, त्याच सुमारास रघुनाथाचार्य तिकडे द्राविड देशात तोच प्रयत्न करीत होते. पॉगसन यांची कन्या आयसिस हिने १८७३ पासून वेधशाळेत काम केले. १८८६ मध्ये तिचे नाव सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचविले गेले, पण स्त्री म्हणून ते मागे घ्यावे लागले. ती सदस्य झाली १९२० साली. खुद्द पॉगसन यांनी घेतलेल्या ताऱ्यांच्या वेधांचा मोठा भाग त्यांच्या हयातीत छापलाच गेला नाही. त्यांच्यामागून आलेल्या मिची स्मिथ यांनी तो प्रसिद्ध केला. ते कागद जर कोणी रद्दी समजून टाकले असते, तर तीस वर्षांच्या रात्री वाया गेल्या असत्या.

आपल्या शहरात आता बंदराच्या दिव्यांमुळे तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे तारेही धडपणे दिसत नाहीत. इतिहासाचे अभ्यासक कै. पर्सिव्हल नरोन्हा यांनी आपल्या खगोलप्रेमी स्नेह्यांसह पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवरून अनेक पिढ्यांतील मुलांना आकाश दाखविले. जुने दस्तऐवज सांभाळणारा मनुष्यच दुर्बीणही जपतो, यात मला आश्चर्य वाटत नाही. दोन्ही कामे मागून येणाऱ्यांसाठी करावयाची असतात.

शेवटी एक विनंती. ग्रंथपालांनी माझ्या त्या जुन्या लेखाच्या पानाशी एक चिठ्ठी जोडावी आणि तीवर या लेखाचा पृष्ठांक लिहावा. जुने पान मात्र फाडू नये. चूक कशी झाली आणि ती कशी सुधारली, या दोन्ही गोष्टी पुढच्या वाचकाला एकाच कपाटात मिळाल्या पाहिजेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि कोळशाच्या धुळीत शंभर वर्षे कागद टिकवून धरणाऱ्या या संस्थेच्या ज्ञात-अज्ञात सेवकांना, आणि वर्गणी देऊन तिला जगविणाऱ्या सभासदांना, विनम्र अभिवादन.