निव्वळ धावगती

निव्वळ धावगती (नेट रन रेट) हे मर्यादित षटकांच्या क्रिकेट स्पर्धांमध्ये समान गुण असलेल्या संघांचा क्रम ठरवण्यासाठी वापरले जाणारे परिमाण आहे. संघाने प्रत्येक षटकामागे सरासरी किती धावा काढल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना सरासरी किती दिल्या, यांतील फरक म्हणजे निव्वळ धावगती होय. हा फरक धन किंवा ऋण असू शकतो. गुणतालिकेत तो सहसा तीन दशांश स्थळांपर्यंत दिला जातो.

सूत्र आणि नियम

निव्वळ धावगती = (काढलेल्या एकूण धावा ÷ खेळलेली एकूण षटके) − (दिलेल्या एकूण धावा ÷ टाकलेली एकूण षटके)

सूत्रातील "एकूण" हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक सामन्याची धावगती स्वतंत्रपणे काढून त्यांची सरासरी घेतली जात नाही. सर्व सामन्यांतील धावा आणि षटके यांची आधी बेरीज होते व भागाकार शेवटी होतो. त्यामुळे अगदी थोड्या फरकाने जिंकलेला सामना संघाची आधीची चांगली निव्वळ धावगती खाली आणू शकतो.

षटक सहा चेंडूंचे असल्यामुळे धावफलकावरील ३७.१ हा आकडा दशांश अपूर्णांक नसतो. ३७ षटके व १ चेंडू म्हणजे ३७.१६७ षटके, आणि ४७.३ म्हणजे साडेसत्तेचाळीस. हाताने आकडेमोड करताना सर्वाधिक चुका येथेच होतात.

संघ सर्वबाद झाल्यास त्याने प्रत्यक्ष खेळलेली षटके न धरता त्याच्या वाट्याची सर्व षटके धरली जातात. हा नियम नसता, तर २० षटकांत १०० धावांत गारद झालेल्या संघाची धावगती (५.००) पूर्ण ५० षटकांत २०० धावा काढणाऱ्या संघापेक्षा (४.००) सरस ठरली असती. पावसामुळे डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य बदलल्यास प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाच्या नावे सुधारित लक्ष्यापेक्षा एक कमी धाव आणि दुसऱ्या संघाला मिळालेली षटके धरतात. अनिर्णित राहिलेले सामने हिशेबात घेतले जात नाहीत.

उदाहरण: आशिया चषक, २०२३

या स्पर्धेच्या ब गटातील अखेरचा सामना ५ सप्टेंबर २०२३ रोजी लाहोरच्या गद्दाफी मैदानावर श्रीलंका आणि अफगाणिस्तान यांच्यात झाला. श्रीलंकेने ८ बाद २९१ धावा केल्या. अफगाणिस्तान जिंकल्यास बांगलादेशासह तिन्ही संघांचा प्रत्येकी एक विजय होणार होता. बांगलादेशाची निव्वळ धावगती पुरेशी असल्याने दुसऱ्या जागेचा निकाल उरलेल्या दोघांत लागायचा होता.

अफगाणिस्तानचा आधीचा सामना बांगलादेशाविरुद्ध झाला होता. त्यात बांगलादेशाच्या ३३४ धावांसमोर तो संघ ४४.३ षटकांत २४५ धावांवर सर्वबाद झाला. हिशेबात मात्र ५० षटके आली. श्रीलंकेने बांगलादेशाला ४२.४ षटकांत १६४ धावांवर बाद करून ३९ षटकांत १६५ धावा केल्या होत्या. अफगाणिस्तानने ३७.१ षटकांत २९२ धावा केल्या असत्या, तर हिशेब असा झाला असता:

अफगाणिस्तान: (२४५ + २९२) ÷ ८७.१६७ − (३३४ + २९१) ÷ १०० = −०.०८९

श्रीलंका: (१६५ + २९१) ÷ ८९ − (१६४ + २९२) ÷ ८७.१६७ = −०.१०८

हाच विजय एक चेंडू उशिरा, ३७.२ षटकांत मिळाला असता तर ही संख्या अनुक्रमे −०.१०१ आणि −०.०९८ झाली असती, म्हणजे श्रीलंका पुढे गेली असती. प्रत्यक्षात ३७.१ षटकांअखेर अफगाणिस्तानची धावसंख्या ९ बाद २८९ होती आणि संधी संपली असा समज मैदानावर झाला. तो बरोबर नव्हता. विजयी फटका चौकार किंवा षटकाराचा असला तर धावसंख्या २९२ च्या पुढे जाते, ३७.४ षटकांपर्यंत षटकार बसून २९५ धावा झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान −०.०९० विरुद्ध −०.११२ असा पात्र ठरला असता. शेवटच्या फलंदाजाने मात्र चेंडू केवळ अडवले व ३७.४ षटकांत तो पायचीत झाला. श्रीलंका २ धावांनी जिंकली. संघाला फक्त ३७.१ षटकांची मर्यादा सांगितली गेली होती, पुढील शक्यता कळवल्या गेल्या नव्हत्या, असे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर म्हटले. सर्वबाद झाल्याने पुन्हा ५० षटके धरली गेली आणि अफगाणिस्तानची अंतिम निव्वळ धावगती −०.९१० झाली.

टीका

या पद्धतीत गमावलेल्या गड्यांना किंमत नाही. एक गडी राखून मिळवलेला आणि दहा गडी राखून मिळवलेला विजय समान षटकांत आला तर सारखाच मोजला जातो. खेळाचा वेग मुद्दाम कमी करण्यासही ती वाव देते. १९९९ च्या विश्वचषकात मँचेस्टर येथे वेस्ट इंडीजला ११० धावांत बाद केल्यावर ऑस्ट्रेलियाने १११ धावांसाठी ४०.४ षटके घेतली. न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडीज पुढे जाणे ऑस्ट्रेलियाच्या सोयीचे होते, कारण पुढील फेरीत जाणाऱ्या संघांविरुद्धचे गुण सोबत नेता येत होते. न्यूझीलंडने दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडविरुद्धचे १२२ धावांचे लक्ष्य १७.५ षटकांत गाठून हा बेत उधळला.

एकाच दारुण पराभवाचा भार स्पर्धाभर वाहावा लागतो, हा आणखी एक आक्षेप आहे. २०१९ च्या विश्वचषकात पाकिस्तान वेस्ट इंडीजविरुद्ध १०५ धावांत सर्वबाद झाला आणि प्रतिस्पर्ध्यांनी १३.४ षटकांत १०८ धावा केल्या. त्या एका सामन्याची निव्वळ धावगती −५.८०२ होती. साखळीअखेर पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांचे प्रत्येकी ११ गुण व ५ विजय होते. परस्परांतील सामना पाकिस्तानने जिंकला होता, तरीही +०.१७५ विरुद्ध −०.४३० अशा फरकाने न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेला. लॉर्ड्सवरील अखेरच्या सामन्यात ३१५ धावा केल्यानंतर पाकिस्तानला पुढे जाण्यासाठी बांगलादेशाला ७ धावांच्या आत रोखणे आवश्यक होते. बांगलादेशाने दुसऱ्याच षटकात तो आकडा ओलांडला. पाकिस्तानने तो सामना ९४ धावांनी जिंकला.